औषधाची राखण : हिवतापाच्या उपचारधोरणाविषयी काही विचार

डोकेदुखीवरील गोळी कोणी अर्धीच घेतली तर तोटा होतो तो त्या माणसाचा एकट्याचा. हिवतापाच्या गोळीची गोष्ट तशी नाही. ती अर्धवट घेणाऱ्याचा ताप कदाचित उतरेल आणि चार दिवसांनी तो शेतावरही जाऊ लागेल; परंतु औषधाचा मारा सोसून त्याच्या रक्तात जे थोडे जंतू उरले असतील, ते डासाच्या वाटेने शेजारच्या घरात पोहोचतील आणि तेथे तेच औषध पहिल्याइतके लागू पडणार नाही. म्हणून हिवतापावरील औषध ही ज्याची त्याने मन मानेल तशी वापरावी अशी खासगी वस्तू नव्हे; गावच्या पाणवठ्यासारखी ती सर्वांची सामाईक मालमत्ता आहे. पाणवठ्याची राखण गावाने करावयाची असते, तशी औषधाची राखण शासनाच्या उपचारधोरणाने करावयाची असते. आपल्या देशात ही राखण कशी झाली आणि ती पुष्कळदा उशिरा का झाली, याचा विचार येथे करावयाचा आहे. प्रस्तुत लेखकाचे मत आरंभीच सांगून टाकणे बरे. औषध निकामी ठरल्याची पूर्ण खात्री पटल्यावर ते बदलावयाचे, आणि तेही जेथे ते निकामी ठरले तेवढ्याच टापूत बदलावयाचे, ही आपल्याकडे दीर्घकाळ चाललेली रीत जंतूच्या पथ्यावर पडणारी होती. ती पुन्हा अंगीकारता कामा नये.

हिवतापाचा जंतू फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हेरां यांनी १८८० मध्ये अल्जीरियात रोग्याच्या रक्तात पाहिला. तो डासाच्या शरीरात वाढतो, याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी आपल्याच देशात, सिकंदराबाद येथे मिळाला. या जंतूच्या अनेक जाती असून आपल्याकडे व्हायवॅक्स व फाल्सिपेरम या दोन महत्त्वाच्या आहेत. जिवावर बेतणारा मेंदूचा हिवताप बहुधा फाल्सिपेरमचा असतो. औषधाला न जुमानण्याचा गुण प्रामुख्याने याच जातीने दाखविला आहे.

हा गुण येतो कोठून? औषधाची सवय झाल्याने जंतू निर्ढावतो, असा एक समज सर्वत्र आढळतो. तो खरा नाही. आजारी माणसाच्या रक्तात अब्जावधी जंतू असू शकतात आणि फाल्सिपेरमची नवी पिढी दर अठ्ठेचाळीस तासांनी जन्मास येते. इतक्या मोठ्या संख्येने नकला होत असता जनुकांच्या लेखनात कोठे ना कोठे चूक ही व्हावयाचीच. यांतील बहुतेक चुका जंतूला निरुपयोगी असतात. एखादी मात्र अशी निघते की, तिच्यामुळे औषधाचा परिणाम कमी होतो. औषध ही चूक घडवीत नाही. ते तिची निवड करते. शेतकरी बियाण्यासाठी टपोरी कणसे बाजूला काढतो, तसे औषध आपल्याला दाद न देणारे जंतू मागे ठेवते आणि बाकीचे नाहीसे करते. मात्रा पुरेशी असेल तर असे अर्धवट बळकट जंतूही बहुधा मरतात. ती अपुरी असेल तर निवडीचे काम उत्तम साधते. सारे उपचारधोरण या एका गोष्टीभोवती फिरते, हे वाचकाने ध्यानी ठेवावे.

सिंकोना झाडाच्या सालीतून क्विनिन वेगळे काढले गेले ते १८२० मध्ये. पुढे निलगिरी व दार्जिलिंगच्या डोंगरांत या झाडांची लागवड झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये टपालकचेऱ्यांतून एका पैशाला क्विनिनची पुडी मिळू लागली. औषध गुणकारी खरे, पण अतिशय कडू, कानांत घंटा वाजविणारे आणि बरेच दिवस घ्यावे लागणारे. त्याची जागा घेणारे क्लोरोक्विन जर्मनीत १९३४ मध्ये तयार झाले. आरंभी ते विषारी समजून बाजूस ठेवण्यात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र त्याचा खरा गुण जगाला कळला. स्वस्त, सोसण्यास सोपे आणि तीन दिवसांत काम करणारे असे ते औषध होते. त्याचे कार्य मोठे चतुराईचे आहे. जंतू तांबड्या पेशीतील रक्तद्रव्य खातो, तेव्हा त्यातून एक लोहयुक्त विषारी पदार्थ मागे राहतो. जंतू त्याचे स्फटिक बनवून ते विष निरुपद्रवी करून टाकतो. क्लोरोक्विन हे स्फटिक बनू देत नाही आणि जंतू स्वतःच्याच उच्छिष्टाने मरतो. औषधरोधी जंतूने यावर काढलेला तोड तितकाच साधा होता. त्याच्या पोटातील पोकळीच्या भिंतीत एक वाहक प्रथिन असते. त्यात बदल होऊन ते क्लोरोक्विन बाहेर लोटू लागले.

आपल्या देशाच्या इतिहासात क्लोरोक्विन आणि डी.डी.टी. यांचे उपकार लहान नाहीत. स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख लोक त्याने मरत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये हिवताप नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ मध्ये निर्मूलनाचे ध्येय ठरले. १९६५ पर्यंत रुग्णांची संख्या एक लाखाच्या घरात आली. त्यानंतर जे घडले त्याची आठवण ठेवणे आज विशेष अगत्याचे आहे. अवघ्या अकरा वर्षांत, म्हणजे १९७६ मध्ये, नोंदलेल्या रुग्णांची संख्या चौसष्ट लाखांवर गेली. या उलट्या फेऱ्याची कारणे अनेक होती. डास कीटकनाशकांना दाद देईनासे झाले, पैसा व माणसे अपुरी पडली आणि यशाने ढिलाई आली. औषधरोध हे त्यांपैकी एकमेव कारण नव्हते. परंतु त्याची पावले याच काळात वाजू लागली होती.

जगात क्लोरोक्विनचा पाडाव प्रथम दिसला तो १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, थायलंड व कंबोडिया यांच्या सीमेवर, आणि त्याच सुमारास दक्षिण अमेरिकेत कोलंबियात. त्या काळी ब्राझीलमध्ये डॉ. पिनोटी यांच्या सूचनेवरून स्वयंपाकाच्या मिठात क्लोरोक्विन मिसळून वाटण्याचा प्रयोग झाला होता. कंबोडियाच्या सीमेवरील पाइलिन या रत्नांच्या खाणींच्या भागातही असे औषधी मीठ वाटण्यात आले. हेतू उत्तमच होता. खाणीत आलेल्या मजुरापर्यंत गोळी पोहोचत नाही, मीठ मात्र पोहोचते. परंतु कोणी मीठ जास्त खातो, कोणी कमी, आणि तान्हे मूल तर जवळजवळ नाहीच. म्हणजे हजारो माणसांच्या रक्तात सतत थोडे औषध राहिले आणि पुरेसे फार थोड्यांच्या. जंतूची निवड करण्यासाठी याहून सोयीची व्यवस्था मुद्दाम शोधूनही सापडली नसती. पाइलिनचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

भारतात क्लोरोक्विनला न जुमानणारा फाल्सिपेरम प्रथम नोंदला गेला तो १९७३ मध्ये, आसामातील त्या वेळच्या मिकीर टेकड्यांत, म्हणजे आजच्या कार्बी आंगलाँग जिल्ह्यात. तेथून पुढे ओरिसा, मध्य भारतातील वनप्रदेश आणि धरणे, खाणी व रस्ते यांच्या कामांवरील मजुरांच्या वस्त्या असा त्याचा माग लागत गेला.

आता आपल्या धोरणाकडे वळू. राष्ट्रीय कार्यक्रमात एक पद्धत अनेक दशके चालू होती. तीस गृहीत उपचार म्हणत. आरोग्यसेवक घरोघर जाई, ताप आलेल्या माणसाच्या बोटातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेई, आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत थांबावयास नको म्हणून त्याच वेळी क्लोरोक्विनची एक मात्रा देई. प्रौढ माणसाला ही मात्रा सहाशे मिलिग्रॅम, म्हणजे चार गोळ्यांची असे. फाल्सिपेरमचा समूळ नाश करण्यास लागणारी मात्रा तीन दिवसांत पंधराशे मिलिग्रॅम, म्हणजे दहा गोळ्या. उरलेल्या सहा गोळ्या काचपट्टीचा निकाल आल्यावर मिळावयाच्या. वर्षाला काही कोटी काचपट्ट्या जमत. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञांपुढे त्यांचे ढीग साचत आणि निकाल कित्येक दिवसांनी, कधी कित्येक आठवड्यांनी गावात परत येई. तोपर्यंत रोग्याचा ताप उतरलेला असे, किंवा तो काम शोधत दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असे.

या पद्धतीस सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. ज्या गावी डॉक्टर नाही आणि सूक्ष्मदर्शक यंत्र चाळीस मैलांवर आहे, तेथे ताप आलेल्या मुलाला चार गोळ्या देणे हे काहीच न देण्यापेक्षा शतपटीने बरे होते. त्यामुळे असंख्य जीव वाचले असतील. तरीही हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावयास हवा. क्लोरोक्विन शरीरातून फार सावकाश जाते. त्याचा अंश कित्येक आठवडे रक्तात रेंगाळतो. ज्यांना हिवताप नव्हताच अशा लाखो माणसांच्या रक्तात हा अपुरा अंश राहिला आणि ज्यांना होता त्यांपैकी पुष्कळांचा उपचार अर्ध्यावर थांबला. मिठातून जे पाइलिनमध्ये झाले, तेच कमी तीव्रतेने, पण फार मोठ्या प्रदेशावर, आपल्या गृहीत उपचारातून झाले असण्याचा संभव नाकारता येत नाही. तपासणीची जलद साधने हाती आल्यावर ही पद्धत धोरणातून काढून टाकण्यात आली, हे योग्यच झाले. आज बोटातील एका थेंबावरून सुमारे वीस मिनिटांत निदान करणारी पट्टी आशा कार्यकर्तीच्या पिशवीत असते. पूर्वी जे अपरिहार्य होते ते आता राहिलेले नाही.

औषध बदलण्याची वेळ ठरविण्याची रीत तर याहून विचार करण्यासारखी आहे. एखाद्या ठिकाणचे रोगी निवडून, त्यांना डोळ्यांदेखत औषध देऊन, अठ्ठावीस दिवस वा अधिक काळ त्यांच्या रक्ताची वरचेवर तपासणी करावयाची आणि शेकडा किती जणांत जंतू परत दिसले ते मोजावयाचे, अशी ही परीक्षा असते. पूर्वी शेकडा पंचवीस रोग्यांत औषध अपयशी ठरले म्हणजे ते बदलावे असा दंडक होता. २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो शेकडा दहावर आणला. पंचवीस टक्के याचा अर्थ काय, हे क्षणभर मनात आणून पाहावे. चार आजारी मुलांपैकी एकास औषध लागू पडत नाही, तोवर धोरण वाट पाहणार! शिवाय परीक्षा ज्या गावी झाली तेथील निकाल तेथपुरता. आपल्याकडे औषध बदलले जाई ते एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत किंवा फार तर शेजारच्या काही केंद्रांत. नकाशावर अशा ठिकाणी रंग भरला जाई आणि पलीकडच्या तालुक्यात जुनेच औषध चालू राही. रोगी, मजूर आणि डास यांपैकी कोणीही हा नकाशा पाहिलेला नसतो. परीक्षा होण्यास एक वर्ष, अहवाल होण्यास एक वर्ष आणि नवे औषध पोहोचण्यास आणखी काही महिने. इतक्या अवधीत जंतू दोन पावसाळे पुढे गेलेला असतो.

याच्या उलट उदाहरण आफ्रिकेतील मलावी या लहान देशाचे आहे. तेथील शासनाने १९९३ मध्ये साऱ्या देशातून क्लोरोक्विन काढून घेतले आणि त्याऐवजी सल्फाडॉक्सिन व पायरीमेथामिन यांची जोडगोळी सुरू केली. १९९२ मध्ये तेथील सुमारे पंच्याऐंशी टक्के जंतूंत क्लोरोक्विनला दाद न देणारी जनुकीय खूण होती. २००० मध्ये ती तेरा टक्क्यांवर आली. पुढे तेथील ब्लँटायर शहरात ऐंशी मुलांना पुन्हा क्लोरोक्विन देऊन पाहिले, तेव्हा केवळ एका मुलात ते अपयशी ठरले. बारा वर्षांच्या विश्रांतीने मेलेले औषध जिवंत झाले होते. औषधाचा दाब नाहीसा होताच रोधी जंतूंना त्यांच्या बदललेल्या प्रथिनाचे ओझे जड झाले आणि साधे जंतू पुन्हा वरचढ ठरले, असा याचा अर्थ लावला जातो.

आपल्या देशात असे घडणे कठीण आहे, आणि त्याचे कारणही समजून घेतले पाहिजे. मलावीत जवळजवळ सारा हिवताप फाल्सिपेरमचा. आपल्याकडे व्हायवॅक्सचे रुग्ण मोठ्या संख्येने असून त्यांच्यासाठी क्लोरोक्विन अजूनही उत्तम औषध आहे. ते आपण सोडू शकत नाही, सोडूही नये. परिणामी फाल्सिपेरमवरील क्लोरोक्विनचा दाब कधीच पुरता उठत नाही. शिवाय खासगी दवाखान्यांत आणि दुकानांत तापावर क्लोरोक्विन देण्याची सवय धोरण बदलल्यानंतरही पुष्कळ वर्षे टिकून राहिली. धोरण कागदावर बदलते त्या दिवशी औषध बदलत नसते. दुकानदाराच्या फळीवरील डबा बदलतो तेव्हा ते बदलते.

क्लोरोक्विननंतर जगाला आधार मिळाला तो चीनमधून. १९६७ मध्ये सुरू झालेल्या एका शासकीय संशोधन-योजनेत तू यूयू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या चिनी वैद्यकग्रंथांतील छिंगहाव या वनस्पतीतून आर्टेमिसिनिन हे द्रव्य शोधून काढले. तू यूयू यांना त्यासाठी २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हे द्रव्य अत्यंत वेगाने जंतूंचा संहार करते, परंतु काही तासांतच शरीरातून निघून जाते. म्हणून त्याला सावकाश काम करणाऱ्या दुसऱ्या औषधाची जोड द्यावी लागते. जोडीमागील तर्क विद्यार्थ्यांनाही पटण्यासारखा आहे. समजा, एका औषधास दाद न देणारा जंतू कोटीत एक आणि दुसऱ्यास न देणाराही कोटीत एक. तर दोघांनाही एकदम न जुमानणारा जंतू कोटी गुणिले कोटी इतक्यांत एकच निघेल. मात्र जोडीदारांपैकी एक आधीच दुर्बळ झालेला असेल, तर हा सारा हिशेब ढासळतो.

आपल्याकडे नेमके येथेच काय झाले ते पाहावे. २०१० च्या राष्ट्रीय औषधधोरणाने साऱ्या देशात फाल्सिपेरमसाठी संमिश्र उपचार ठरविला. एकट्या आर्टेमिसिनिनच्या गोळ्यांवरील बंदीही त्यात स्पष्ट करण्यात आली. नकाशातील ठिपके सोडून धोरण प्रथमच साऱ्या देशास लागू झाले. हा निर्णय अभिनंदनीय होता. परंतु आर्टेसुनेटला जोडीदार म्हणून निवडली गेली ती सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन. हे औषध क्लोरोक्विन जेथे हरले तेथे पूर्वीपासून दुसऱ्या फळीत वापरले जात होते, आणि ईशान्य भारतात त्याच्या विरुद्धचे जनुकीय बदल आधीच साचले होते. त्रिपुरा, मिझोराम, अरुणाचल येथील परीक्षांत अपयशाचे प्रमाण दहा टक्क्यांची मर्यादा ओलांडून बरेच पुढे गेले. २०१३ मध्ये ईशान्येकडील राज्यांसाठी आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन ही दुसरी जोडी लागू झाली आणि उर्वरित भारतात पहिलीच ठेवण्यात आली. तीन वर्षांत धोरण सुधारले, हे श्रेय दिलेच पाहिजे. तथापि पुन्हा एकदा सुधारणा अपयशानंतर आली आणि पुन्हा एकदा देशाच्या मधून एक रेघ ओढली गेली.

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, जे औषध एका प्रदेशात अजून चालते ते तेथेही बदलणे म्हणजे उधळपट्टी होय. शिवाय नव्या जोडीच्या सहा मात्रा तीन दिवसांत सकाळ-संध्याकाळ, स्निग्ध अन्नासह घ्यावयाच्या असतात. जुन्या जोडीत दिवसातून एकदा गोळ्या घेतल्या की काम झाले. अडाणी म्हणून नव्हे, तर कामाच्या रगाड्यात बुडालेला माणूस म्हणून रोग्याला दुसरे सोपे जाते. हा आक्षेप पोकळ नाही. गडचिरोली, बस्तर वा कोरापुटच्या जंगलातील पाड्यावर संध्याकाळची गोळी कोणाच्या देखरेखीखाली द्यावयाची, हा खराच प्रश्न आहे. पण त्याचे उत्तर देखरेखीची व्यवस्था करणे हे आहे. दुर्बळ जोडीदाराच्या भरवशावर सबळ औषध उघडे टाकणे हे नव्हे. सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन हरले तर आपण एक जुने औषध गमावू. त्याच्या आडोशाविना आर्टेमिसिनिन हरले तर गंभीर रुग्णास वाचविणारे आर्टेसुनेटचे इंजेक्शनही संकटात येईल, आणि त्याच्या तोडीचे दुसरे औषध आज रुग्णालयांच्या कपाटात नाही.

ही भीती काल्पनिक नाही. पाइलिनचे नाव वर येऊन गेले आहे. २००८-०९ मध्ये पश्चिम कंबोडियातील याच भागातून, आर्टेमिसिनिन दिल्यावर जंतू पूर्वीपेक्षा बऱ्याच सावकाश नाहीसे होतात, अशी वार्ता आली. २०१४ मध्ये त्यामागील जनुकीय खूण सापडली. पुढे जोडीदार औषधही तेथे हरले आणि कंबोडियाला जोडी बदलावी लागली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हीच खूण म्यानमारमधील होमालिन येथे, भारताच्या सीमेपासून अवघ्या पंचवीस किलोमीटरवर आढळली. २०२० नंतर रुआंडा व युगांडा येथे, म्हणजे आफ्रिकेच्या भूमीवर, असे जंतू स्वतंत्रपणे निर्माण झाल्याचे सिद्ध झाले. त्यामुळे सीमेवर पहारा ठेवला की भागेल, ही कल्पनाही सोडून द्यावी लागते. रोधी जंतू बाहेरून येऊ शकतो, तसा घरातही उपजू शकतो.

आजची अनुकूल गोष्ट ही की, रुग्ण थोडे झाले आहेत. शासकीय नोंदींप्रमाणे २०१५ मध्ये ते अकरा लाखांहून अधिक होते. २०२३ मध्ये सुमारे दोन लाख सत्तावीस हजार. २०३० पर्यंत हिवताप नाहीसा करण्याचे ध्येय ठरले आहे. परंतु अपयश अजमावण्याची जुनी परीक्षा रुग्ण कमी झाले म्हणजे घेताच येत नाही. पुरेसे रोगीच मिळत नाहीत. म्हणून मोजक्या ठिकाणी मोठी परीक्षा घेण्याऐवजी प्रत्येक फाल्सिपेरम रुग्णालाच निरीक्षणाखाली घ्यावे, असे सुचवावेसे वाटते. कोटी रुग्ण असताना हे स्वप्न होते. आज ते आवाक्यात आहे. पहिल्या दिवशी रक्ताचा एक थेंब टिपकागदावर घेऊन जनुकांच्या खुणा पाहाव्या, तिसऱ्या दिवशी जंतू उरले आहेत का ते सूक्ष्मदर्शकातून पाहावे, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा एकदा पाहावे. जनुकांच्या खुणा वाढू लागल्या की, रुग्ण दगावण्याची वाट न पाहता साऱ्या देशाची जोडी एकदम बदलता येईल, इतका दुसऱ्या जोडीचा साठा तयार असावा.

खासगी दवाखान्यांना या नोंदीत आणल्याखेरीज हे पुरे होणार नाही. व्हायवॅक्सचीही गोष्ट अशीच आहे. त्याचे जंतू यकृतात दडून राहतात आणि काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावे लागते. आपल्याकडे अनेक वर्षे ते पाचच दिवस दिले जाई आणि ताप परतत राही. ज्यांच्या तांबड्या पेशींत एका विशिष्ट विकराची जन्मतः उणीव असते, त्यांच्या पेशी या औषधाने फुटतात. गरोदर स्त्रियांना आणि वर्षाच्या आतील बाळांना ते देत नाहीत. म्हणून ते वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावयाचे. पण सुरू केल्यावर ताप पहिल्या तीन दिवसांत गेला म्हणून उरलेल्या अकरा दिवसांच्या गोळ्या फडताळात ठेवून द्यावयाच्या, आणि पुढच्या पावसाळ्यात घरातील दुसऱ्या कोणाला ताप आला की त्याच गोळ्या काढून त्याला द्यावयाच्या, हा प्रकार शहरात व खेड्यात सारखाच चालतो.